पुकारा

मच्छिंद्रनानांनी कानावर हात ठेवला, छाती भरून घेतली आणि कोर्टाच्या दारातून पुकारा केला, "रंगनाथ सखाराम, हाजीर होऽ."

उंबऱ्याशी झोपलेलं कुत्रं तेवढं उठून आत निघालं. रस्त्यापलीकडच्या चिंचेखालचं एकही माणूस हललं नाही.

हेच ते नाना. ऐन उमेदीत त्यांनी तालुका कोर्टाच्या ओसरीवरून हाक दिली की कोल्हारच्या पुलावर बैलगाड्या थांबायच्या. त्याच नावाचा दुसराच कुणी शिवारात नांगरत असला तर औत सोडून साक्ष द्यायला यायचा. एकदा चुकून एका मयत पक्षकाराला पुकारलं, तर म्हणे ओसरीवर ओली पावलं उमटली. निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ.

मग दुष्काळ आला. सरकारनं काटकसर काढली, आणि काटकसरीला कोर्टाएवढी गरीब गाय दुसरी सापडेना. ओसरीचं छप्पर कोसळलं, ते कुणी उभं केलं नाही. कोर्ट भुसाराच्या भाड्याच्या गोदामात आलं आणि पक्षकार चिंचेखाली गेले. मधल्या रस्त्यानं दुष्काळी कामाचे खडीचे ट्रक. दुसरा शिपाई निवृत्त झाला, त्याची जागा रिकामीच राहिली. न्यायाधीश दोन, घसा एक. नानांनी पितळी घंटा मागितली. वरून उत्तर आलं, घंटा ही शाळा-देवळांची बाब आहे, न्यायखात्यात तिला तरतूद नाही.

आधी आवाज चिंचेपर्यंत पोचेना, मग रस्त्यापर्यंत. परवापासून थुंकीत तांबडं दिसत होतं. नाना कुणाला बोलले नव्हते.

आज बायडाबाईची तारीख होती. नवरा वारलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. विहिरीत तिचा निम्मा हिस्सा, आणि दीर श्रीमंत यानं तिचं पाणी तोडू नये असा कोर्टाचा मनाई हुकूम. ती पुकाऱ्याला गैरहजर राहिली की दावा गेला, हुकूमही गेला. तिचा वकील नगरला दुसऱ्या कामात अडकलेला. गावात पाणी होतं ते त्या एकाच विहिरीला.

"नाना, मला दिसत न्हाई," ती सकाळी म्हणाली होती. "चिंचंखाली बसते. तुमचा आवाज आला की उठते."

"बस निवांत. मी हाय की."

श्रीमंत मात्र गोदामाच्या भिंतीलाच टेकला होता. त्यानं खडीसाखर पुढं केली. "घसा बसला म्हनं?"

"बसंल नि उठंल. तुला रं काय त्याचं?"

"काय न्हाई. बसू द्या की. म्हातारपनी बसावंच."

तो हसला असता तर बरं झालं असतं.

दुपारी दोन्ही कोर्टं एकदम सुरू झाली. बायडाबाईचं नाव आलं आणि नेमकी ट्रकांची रांग लागली. नानांनी एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा आवाज उंबऱ्यातच पडला. पलीकडे धुळीत तिचं जांभळं लुगडं दिसत होतं. ती कान इकडे करून बसली होती. नाना रस्त्यात उतरणार, तोच दुसऱ्या कोर्टातून हाक आली, "शिपाई, साक्षीदार कुठंय?"

साक्षीदाराला उभा करून ते परतले तेव्हा श्रीमंत सायकलवर टांग टाकत होता.

"साहेब, बाई भायेर बसलीया," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले.

साहेब वाईट माणूस नव्हते. "तीनदा पुकारलंत ना?"

"पुकारलं."

"मग दावा काढून टाकलाय. समोरचा निघून गेला, त्याच्या माघारी मला निर्णय फिरवता येत नाही. अर्ज करू दे तिला." त्यांनी समोरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "दिवाळीनंतर बघू."

दिवस मावळायच्या आत तिचं पाणी उपसायचं इंजिन विहिरीबाहेर पडलेलं असणार, हे नानांना कुणी सांगायला नको होतं.

कोर्ट उठलं. गोदामाला कुलूप लागलं. चिंचेखाली ती एकटीच उरली होती.

"नाना ना? चालन्यावरून वळखलं. आली का माजी पाळी?"

नानांना सारं सांगायचं होतं. त्यांनी घसा चाचपला, ओठ हलवले. पण जन्मभर एकच काम केलेली जीभ, तिला दुसरं काही सुचेना.

"बायडाबाई कोंडीबा," ते कुजबुजले, "हाजीर हो."

बायडाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि रस्त्यावरच्या धुळीकडे तोंड करून म्हणाली,

"हाय. हाजीर हाय."