बिनचिठ्ठीची बाटली

सफाई कामगारांचा संप अकरा दिवस चालला, तेव्हा त्या इमारतीच्या जिन्याखालचा कचऱ्याचा ढीग पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकला होता. तिसऱ्या मजल्यावरची, छापखान्यात पुस्तकं बांधणारी बाइंडरबाई रोज कामावर जाताना नाकाला रुमाल लावून त्याला वळसा घालायची. नवव्या दिवशी तिला त्या ढिगात आपल्याच घरच्या पिशव्या ओळखू आल्या, निळ्या नाडीच्या. मोजल्या तर चौदा भरल्या. घरात माणसं तीन! त्या दिवशी जुजबंदी करताना, म्हणजे पुस्तकाची पानं शिवताना, दोनदा तिनं पानांचा अख्खा फॉर्म उलटा शिवला. संध्याकाळी घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली की यापुढे या घरातून एवढा कचरा बाहेर पडणार नाही.

नवरा बस चालवायचा. दिवसभर रस्त्याशी आणि उतारूंशी हुज्जत घालून आलेल्या माणसाला घरात नवे कायदे नको असतात. चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल आपोआप, असं समजून तो बरं म्हणाला आणि पाय पसरून बसला.

सासऱ्यांनी मात्र मान वर केली. ते घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली आणि शेवटी त्या डोळ्यांनीच दगा दिला. डाव्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा. उजव्यानं समोर माणूस आहे हे कळायचं, पण कोण ते आवाजावरून ओळखावं लागे. दुकान बंद करून मुलाकडे येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत सुनेशी त्यांचं बोलणं "चहा झाला का" याच्या पुढे फारसं सरकलं नव्हतं. वैर काहीच नव्हतं. दोघंही मुलखाचे अबोल, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा घड्याळजींनी फुटक्या बादलीचा कान तारेनं असा बेमालूम बसवला होता की नवी बादली आणायचा विषयच संपला. मग ते रोजचंच झालं. मोडक्या छत्रीची काडी, सैल झालेली सुरीची मूठ, उसवलेली पिशवी, काहीही द्या. त्यांच्या बोटांना अजून दिसत होतं. भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि संडासात ओतायचं, हे काम त्यांनी आपण होऊन घेतलं. गॅलरीत खताचं पिंप ठेवलं, त्यातली माती ते रोज सकाळी काठीनं वरखाली करायचे आणि वास घेऊन सांगायचे, आज कोरडी आहे, आज जरा जास्त ओली आहे. सून हसायची. नवऱ्यानं एकदा म्हटलंही, की माझ्या बापाला तू कामाला लावलंस. त्यावर घड्याळजी शांतपणे म्हणाले की सहा वर्षं नुसता भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, तेव्हा कुठे होतास तू?

दोघांचा सगळ्यात जास्त जीव जडला तो बाटल्यांवर. काचेची बाटली दिसली की टाकायची नाही. ती रात्रभर भिजत घालायची, वरचा कागद नखानं खरवडून काढायचा, सोड्यानं घासायची आणि पालथी घालून वाळवायची. कोपऱ्यावरच्या दुकानात तेल, साबण, सिरका, फरशीचं औषध, सगळं सुटं मिळायचं. आपली बाटली न्यायची आणि भरून आणायची. घरी आल्यावर बाई पुस्तकांच्या वेष्टनांच्या कापलेल्या पट्ट्यांवर नाव लिहायची आणि खळीनं बाटलीवर चिकटवायची. घड्याळजींना वाचता येत नसे, म्हणून रबराची युक्ती त्यांनीच काढली. खाण्यापिण्याचं असेल तिला रबर नाही. साबणाच्या बाटलीला एक. जाळणारं काही असेल तर दोन.

अशी दोन वर्षं चांगली गेली. घरातून आठवड्याला एक लहानशी पिशवी बाहेर पडायची, तीसुद्धा अर्धी. जिन्यात भेटणारी शेजारीण, शिवणकाम करणारी, म्हणायची की तुमच्याकडे माणसं राहतात की नाही तेच कळत नाही.

तो गुरुवार होता, उन्हाळ्यातली दुपार. छापखान्यात बाई पुठ्ठे कापायला बसली होती तेव्हा शिवणबाईचा फोन आला. शब्द धड लागत नव्हते. एवढं कळलं की भिंतीपलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला, दार उघडंच होतं, आणि घड्याळजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आहेत. बोलता येत नाही, तोंडातून फेस येतोय, ओठ पांढरे पडलेत. शिवणबाई त्यांना मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला निघाली होती. त्यांनीच हातानं तिला दूर लोटलं.

ओट्यावर पाण्याच्या बाटल्या ओळीनं असायच्या. तहान लागली, त्यांनी हात लावून पाहिलं, रबर नव्हतं, बाटली तोंडाला लावली. आत सिंकची नळी मोकळी करायचं औषध होतं. रंग नाही, वास नाही. पहिला घोट त्यांनी तहानेच्या भरात गिळून टाकला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली मागवली. नवरा बस डेपोत सोडून परस्पर घरी गेला आणि ती घेऊन आला. स्वच्छ, चकचकीत घासलेली बाटली. चिठ्ठी नाही, रबर नाही. डॉक्टरांनी ती उजेडात धरली.

"हे पाण्याच्या बाटलीत कोणी भरलं?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, आणि डॉक्टरांनीही मग तिच्याकडेच पाहिलं.

तिला एवढं आठवत होतं की रविवारी सिंकखालचं कपाट आवरताना त्या औषधाचा डबा बुडाशी ओला लागला होता. हात चुरचुरला म्हणून तिनं धुतला. नरसाळं हातात घेतलेलंही आठवत होतं, पण ते तेलासाठी की कशासाठी? तिनं हे सगळं तिथंच, घड्याळजींच्या खाटेशी उभं राहून डॉक्टरांना सांगितलं. पुढे कोणी भरलं ते मला आठवत नाही, म्हणाली. नंतर ती जितकं आठवायला गेली तितका तिला आपलाच हात डबा तिरपा करताना दिसू लागला. ते खरंच तसं झालं होतं की विचार करकरून दिसतोय, हे तिला कधीच सांगता आलं नाही.

घड्याळजी वाचले, म्हणजे जिवंत राहिले. अन्ननलिका जळून आक्रसली होती. श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं आणि अन्नासाठी पोटात नळी घातली. आवाज गेला तो गेलाच. तीन आठवड्यांनी घरी आणलं. बाईनं छापखान्यातून बिनपगारी रजा घेतली. दिवसातून पाच वेळा पातळ अन्न गाळायचं, कोमट करायचं, मोठ्या सिरिंजनं थेंबाथेंबानं नळीत सोडायचं. एका वेळेला पाऊण तास. सिरिंज, हातमोजे, कापसाच्या घड्या, अन्नाची पाकिटं, सगळं एकदा वापरून फेकायचं. नर्सनं बजावून सांगितलं होतं की धुऊन परत काही वापरायचं नाही, पोटात जंतू जातील. रोज संध्याकाळी एक मोठी पिशवी भरायची. बाई ती खाली नेऊन ठेवायची. आता तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

नवरा तिच्याशी कामापुरतं बोलायचा. भेटायला येणाऱ्यांना मात्र तो सगळं सविस्तर सांगायचा, आणि प्रत्येक वेळी शेवट तोच. घरात कचरा नको म्हणून बाटल्या जमवल्या हो, दुसरं काय. ऐकणारे मान खाली घालायचे. बाई आत चहा टाकायची आणि कप मोजून ट्रेमध्ये ठेवायची.

घड्याळजींना लिहायला तिनं पाठकोऱ्या कागदांची वही शिवून दिली होती. चुकलेल्या छपाईचे कागद, मागची बाजू कोरी. डोळे नसल्यामुळे अक्षरं एकावर एक चढायची, पण लागायची. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी त्यांनी मुलाला खाटेवर बसवून घेतलं आणि अख्ख्या पानभर लिहिलं : बाटली मी भरली.

नवऱ्यानं ते वाचलं. घडी करून खिशात घातलं. बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "तुला वाचवतायत ते."

तो कामावर गेल्यावर तिनं खाटेशी बसून विचारलं, "बाबा, खरंच तुम्ही भरली? माझ्यासाठी खोटं सांगू नका."

त्यांनी पेन्सिल घेतली. बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग लिहिलं : डबा ओला होता. मीच.

डबा ओला होता, हे तर तिनंच डॉक्टरांना सांगितलं होतं, घड्याळजींच्या उशाशी उभी राहून. तिनं कागद परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिचा हात चाचपला आणि मनगटावर दोन बोटं ठेवली, पूर्वी बंद पडलेलं घड्याळ कानाला लावण्याआधी ठेवायचे तशी. ती दुपारच्या वेळेचं अन्न कोमट करायला उठली.

चौथ्या महिन्यात छातीत कफ साठला आणि तीन दिवसांत ते गेले. सकाळची वेळ होती. नवरा शेजारी होता, बाई औषध आणायला गेली होती.

तेरा-चौदा दिवसांनी माणसांची ये-जा थांबल्यावर नवऱ्यानं पोतं आणलं आणि घरातल्या सगळ्या बाटल्या त्यात भरल्या. भरलेल्या, रिकाम्या, तेलाच्या, साबणाच्या. काही फुटल्या. पोत्यातून तेल झिरपून फरशीवर आलं. बाई दारात उभी राहून बघत होती. तिनं अडवलं नाही. पिंपही गेलं.

पोतं खाली टाकून तो वर आला, हात धुतले आणि फरशीवर तेलातच बसला. मग म्हणाला,

"बुधवारी नळ गळत होता. सुट्टी होती म्हणून मी सिंकखालचं सगळं बाहेर काढलं. ती बाटली पाण्याची समजून मी ओट्यावर ठेवली. पाण्याच्या बाटल्यांत."

तो पुढे सांगत राहिला. बाटली घ्यायला घरी आला तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, ती डॉक्टरांकडे गेली असताना, त्यानं बापाच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. बाप काही बोलू शकत नव्हता. त्यानं फक्त डोकं हलवलं, आणि त्याचा अर्थ काय, ते मुलाला आजतागायत कळलं नव्हतं.

"तुला नाही, मला वाचवत होते ते," तो म्हणाला. "आणि तरी मी..."

बाईनं मनातल्या मनात दिवस मोजले. शंभरावर भरले. त्या शंभर दिवसांत हा माणूस रोज बापासमोर बसला होता, आणि आल्यागेल्याला तिच्या बाटल्यांची गोष्ट सांगत होता. आत पडल्या पडल्या घड्याळजींना ती प्रत्येक वेळी ऐकू जात असणार. कान त्यांचे शेवटपर्यंत तल्लख होते. बाटली भरली कोणी, ते अजूनही कोणाला ठाऊक नव्हतं आणि आता सांगणारंही कोणी उरलं नव्हतं. चूक तिची असेल. त्यांची असेल. ते तिनं चार महिन्यांत कसंबसं पचवलं होतं. हे दुसरं पचेना.

"मला एकटीला ते सगळं ऐकू दिलंत," एवढंच ती म्हणाली.

त्यानं माफी मागितली. पुढच्या आठवड्यातही मागितली. रोज सकाळी तिच्याआधी उठून चहा करू लागला. ती चहा प्यायची, डबा भरायची, कामावर जायची. छापखान्यात तिला परत घेतलं होतं, पण तिच्या जागी दुसरी बसली होती, म्हणून तिला खळ लावायच्या टेबलावर दिलं. महिनाअखेर तिनं छापखान्यामागच्या गल्लीत एक खोली पाहिली. घरी येऊन सांगितलं तेव्हा नवऱ्यानं वाद घातला नाही.

जायच्या दिवशी त्यानं तिची ट्रंक तीन मजले खाली उतरवली आणि हातगाडीवर नीट बांधून दिली. दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली. खोलीत पाणी कधी येतं, असं त्यानं विचारलं. सकाळी तासभर, ती म्हणाली. एवढ्यात भागेल का? भागवते, ती म्हणाली. गाडीवाल्यानं गाडी उचलली आणि ती त्याच्या मागोमाग चालू लागली.