अर्ध्या टक्क्यासाठी

"घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होईल," असं ती रोज किती जणांना सांगायची. त्या सकाळी मात्र तिला शीरच सापडेना, सुई दोनदा टोचावी लागली. समोर बाही वर करून बसलेल्या आजोबांनी विचारलं, "बाई, आज पहिलाच दिवस का?"

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये तिची उमेदीची वर्षं गेली होती. पण नुकताच फोन येऊन गेला होता. घरासाठी अर्ज केलेल्या नव्या बँकेनं तिला कर्ज नाकारलं होतं.

खरं तर तिचं सगळं सुरळीत चाललं होतं. ती आणि आई, दोघींसाठी दोन खोल्यांचं घर ठरलं होतं. जुनं घर विकून झालं होतं, महिनाअखेर ते रिकामं करायचं होतं. पहिल्या बँकेनं कर्ज मंजूरही केलं होतं. मग एक दलाल साखर तपासायला लॅबमध्ये आला. हातावर कापूस दाबून बसल्या बसल्या म्हणाला, "ताई, अर्धा टक्का कमी व्याजानं मिळवून देतो. सही तेवढी करा." वीस वर्षांच्या हप्त्यांत अर्धा टक्का म्हणजे थोडाथोडका नव्हे. तिनं सही केली. आईला मात्र सांगितलं नाही, काम झालं की सांगू म्हणून.

दलालानं तो अर्ज एका नव्हे, पाच बँकांत टाकला. प्रत्येकीनं तिची पत तपासली, आणि एकीनंही कर्ज दिलं नाही. आता तो फोन उचलत नव्हता. जुन्या बँकेला 'तुमचं कर्ज नको' असं कळवायचं तेवढं तिच्याकडून राहून गेलं होतं, आळसानं म्हणा की नशिबानं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिनं ती बँक गाठली. कर्जाचं बघणाऱ्या साहेबांना सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी कॉम्प्युटरवर तिचं नाव काढलं.

"मंजुरी अजून आहे. पण पैसे सोडायच्या आधी आम्ही पत पुन्हा तपासतो." ते थांबले. "मॅडम, हे काय? एवढ्यात पाच चौकशा? स्कोअर बराच उतरलाय तुमचा."

"पण मी कुठूनच कर्ज घेतलेलं नाही हो."

"घेतलं नाहीत, पण मागितलंत ना. चार दारं ठोठावणारा माणूस अडचणीत आहे, असंच धरतात."

"म्हणजे हेही गेलं?"

"गेलं असं म्हणत नाही. कर्जाची रक्कम कमी करा, स्वतःचे पैसे जास्त घाला, मग मी वर शब्द टाकून बघतो. निर्णय माझ्या हातात नाही. आणि कृपा करून आता कुठंही अर्ज करू नका."

घरी आई वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत बसली होती. हे जुनं घर घेतलेल्या माणसाची बायको येऊन खिडक्यांची मापं घेऊन गेली होती. पडदे निळे शोभतील की हिरवे, असं तिनं आईलाच विचारलं म्हणे. आई हसून सांगत होती, आणि ही चपला न काढताच दारात उभी होती. कसं सांगावं याची वाटभर जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरली. एका दमात सांगून टाकलं.

आईच्या हातातला कप तसाच राहिला. "घर गेलं का?"

"अजून नाही. पण जाईल, आई. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले मी."

ओरडली असती तर बरं, असं तिला वाटलं. आई ओरडली नाही. हातातला कप कागदात गुंडाळून ठेवत म्हणाली, "गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे आहेत. ते घाल."

"ते नाही, आई. तुला जिना चढवत नाही."

"मग काय नवा गुडघा घेऊन रस्त्यावर बसू?"

आईचे पैसे घातले, त्याच बँकेत कमी रकमेचा अर्ज दिला, आणि जीव टांगणीला लागला. फोन वाजला की पहिल्या रिंगलाच ती उचलायची. एकदा विम्याच्या जाहिरातीचा फोन आला, तोही तिनं शेवटपर्यंत ऐकला. बांधलेली खोकी दाराशी होती. ती कुठं जाणार होती ते कुणालाच माहीत नव्हतं. रात्री झोपेत आई कण्हली की हिला वाटायचं, हे आपल्यामुळं.

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "झालंय. पण स्कोअर उतरल्यामुळं व्याज पाव टक्का जास्त लागेल. चालेल का, विचारून सांगा..."

"चालेल," त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली.

ऑपरेशन पुढं गेलं, किती ते ठरलं नाही. नवं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. आई कठडा धरून, तिरकी होत एकेक पायरी चढली. मागून दोन पिशव्या घेऊन ती येत होती, पुढच्या पायरीवर आईचा पाय नीट टेकतोय ना ते बघत.

वर पोचल्यावर ती काहीतरी बोलू बघत होती. माफी मागायची होती, नीट, शब्द जुळवून.

"ते नंतर," आई म्हणाली. "आधी दार उघड. उभं राहवत नाहीये मला."