पक्केमास्तरांची कच्ची शिवण

“मास्तर, ही शिवण कच्ची घालायची,” इंजिनिअर बाई म्हणाल्या, आणि शिवणखात्यातली अकरा मशिनं एकदम थांबली.

पक्केमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, छत्तीस वर्षांत लोकांनी मला नाही नाही ते ऐकवलं. कच्चं शिवा, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.”

मी कारखान्यात गाड्यांना दारं बसवणारा. खरं तर त्या खात्यात माझं काही काम नव्हतं, पण चहा तिथं बरा मिळायचा. मास्तरांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठं उरलं नव्हतं, इतकी त्यांची टीप पक्की. नव्या माणसांना मी सांगायचो, एकदा क्रेनचा दोर तुटला तेव्हा मास्तरांच्या सीटलाच आकडा अडकवून अख्खी गाडी उचलली. क्रेन तेव्हा आमच्याकडे आलीही नव्हती. टीप मात्र तशी होतीच.

बाईंनी समजावलं. या नव्या गाडीत सीटच्या कुशीतच हवेची पिशवी. बाजूनं धडक बसली की पापणी लवायच्या आत ती शिवण फाडून बाहेर येणार आणि माणसाच्या बरगड्या नि दार यांच्यामध्ये उभी राहणार. म्हणून तेवढी वीतभर शिवण निळ्या, नाजूक दोऱ्यानं. शेवटी टीप मागे न्यायची नाही, गाठ मारायची नाही.

“म्हणजे फाटण्यासाठी शिवायचं,” मास्तर म्हणाले.

“वेळेवर फाटण्यासाठी.”

आम्हा जुन्यांना हे जडच जायचं. आम्ही कामाला लागलो तेव्हा महागडी गाडी म्हणजे तिजोरी. जाड पत्रा, दार लावलं की धप्प आवाज. धडकली तर गाडी शाबूत राहायची, आतल्या माणसाचं सांगता येत नसे. मग पट्टे आले. कपड्यांना सुरकुत्या पडतात म्हणून श्रीमंत लोक ते सीटखाली खोचून ठेवत. मग गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं केलं, स्टिअरिंगचा दांडा मुद्दाम दुमडेल असा. माणूस मोडू नये म्हणून दरवेळी दुसरं काहीतरी मोडायचं ठरायचं. आता पाळी मास्तरांच्या शिवणीवर आली होती.

त्यांनी शिवली. दीड महिना रोज शिवली. रिवाजाप्रमाणे प्रत्येक कव्हरच्या आतल्या बाजूला आपला सात नंबरचा शिक्का मारला.

निवृत्तीच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, त्यांनी मला फाटकाशीच गाठलं. आदल्या दिवशी वहिनींनी डब्याच्या पिशवीचा बंद शिवायला दिला होता. मास्तर घरच्या मशिनवर बसले. एक टोक शिवून झालं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अहो, पुरे की! दरवेळी शेवटी तीनदा मागे-पुढे कशाला?”

“मी कुठं केलं?”

“आत्ता केलंत. लग्न झाल्यापासून बघतेय मी.”

मास्तर तसेच उठले. निळ्या शिवणीवरही हात आपसूक मागे गेला असणार. टोक घडीखाली जातं, तपासणाऱ्याला दिसत नाही. अशा किती सीटा, त्यांना ठाऊक नव्हतं.

“मास्तर, गप्प बसा,” मी म्हणालो. “पाच दिवस राहिलेत. निरोप समारंभ ठरलाय. कोण उसवून बघणार आहे?”

“उसवत नाही, हीच तर पंचाईत आहे.”

“एखाददुसरी असेल हो. तिलाच धडक बसेल असं कुठंय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “थापाड्या, क्रेनची गोष्ट तू कुणालाही सांग. ही नको.”

आणि ते बाईंच्या खोलीकडे चालू लागले.

चाचणीच्या खोलीत सातच्या शिक्क्याची एक सीट ठेवली, तिच्यावर माणसाएवढा पुतळा. काचेमागून आम्ही पाहत होतो. फट्! शिवण खालून फाटत गेली आणि वरच्या टोकाशी तीन टाक्यांनी धरून ठेवली. पिशवी वाकडी, अर्धवट बाहेर आली. पुतळ्याचं डोकं उघडंच राहिलं.

मास्तर म्हणाले, “हात माझाच.”

सहा गाड्या गिऱ्हाइकांकडे गेल्या होत्या, चौदा शेडमध्ये होत्या. गेलेल्या परत मागवल्या. निम्म्याहून अधिक सीटांत ते तीन टाके निघाले. समारंभ रद्द झाला असं कुणी म्हटलं नाही; त्याचा विषयच कुणी काढला नाही. मास्तर चार दिवस खाली मान घालून उसवत होते आणि पुन्हा शिवत होते. टोकाशी आले की उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरायचे. चहाला मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार?

शुक्रवारी बाईंनी त्यांची शेवटची सीट चाचणीला लावली. फट्! शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उघडली. पिशवी पुतळ्याच्या कुशीला ताठ उभी. मास्तर आत गेले. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, लोंबणारे निळे दोरे उजेडात धरून पाहिले.

“नीट फाटलं,” ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी शिक्का जमा करायचा असतो. बाईंनी मागितला नाही. मास्तरांनीच तो खिशातून काढून टेबलावर ठेवला.

भोंगा वाजला. मी फाटकापर्यंत सोबत गेलो. एकही थाप सुचली नाही. डब्याची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. रविवारी मशिनवरून उठले ते उठलेच. बंदाचं दुसरं टोक शिवायचं राहूनच गेलं होतं, आणि ते सुटं टोक चालताना हलत होतं.