तिच्या मापाची सीट

मी मूळचा सोफे शिवणारा. गाड्यांच्या शर्यतींचं वेड मात्र शाळेपासूनचं. प्रत्येक शर्यतीला कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभा राहायचो आणि घरी आल्यावर दोन दिवस तोंडाने इंजिन वाजवत हिंडायचो. स्वतः गाडी पळवायची ऐपत नव्हती आणि खरं सांगायचं तर छातीही नव्हती. पंचेचाळिशीत एका ड्रायव्हरची फाटकी सीट दुरुस्त करून दिली, आणि तिथून हा धंदा सुरू झाला. आता गाळ्यावर पाटी आहे, 'शर्यतीच्या सीट अंगाच्या मापाने करून मिळतील'. ड्रायव्हर मला 'गादीवाले' म्हणतात. म्हणोत बापडे, पाठ घेऊन माझ्याकडेच येतात.

काम तसं सोपं. सीटच्या रिकाम्या सांगाड्यात जाड प्लास्टिकची पिशवी अंथरायची, ड्रायव्हरला पूर्ण पोशाखात तिच्यावर बसवायचं आणि पिशवीत दोन रसायनं कालवून ओतायची. फेस फुगतो, तापतो आणि पाठीला जिथल्या तिथे धरून घट्ट होतो. तेवढी पंधरा मिनिटं हलायचं नाही. हललं की मेहनत पाण्यात.

गेल्या महिन्यात मुलगी गाळ्यात आली आणि म्हणाली, "बाबा, माझं माप घे." मला वाटलं, थट्टा करतेय. तिने शर्यतीचा भरलेला फॉर्म पुढे ठेवला. मैत्रिणीकडे म्हणून जायची, ती वर्षभर सरावाला जात होती. बावीस वर्षांची घोडी, तिला कोंडून थोडंच ठेवता येतं? रागावलो, गयावया केली, दोन दिवस अबोला धरला. ती एवढंच म्हणाली, "तू सीट नाही केलीस तर कुणाची तरी उसनी घेईन."

हिची आई सगळं माझ्यावरच ढकलून मोकळी झाली. "चार वर्षांची असताना खांद्यावर बसवून शर्यती बघायला कुणी नेलं तिला? आता भोगा!" मग जरा वेळाने माझ्याजवळ येऊन बसली. "अहो, इतक्या सीट केल्यात, एक बिघडवा की. जराशी सैल करा, जराशी टोचू द्या. दोन फेऱ्यांत वैतागेल आणि येईल घरी."

तिच्याआधी हे माझ्याच मनात येऊन गेलं होतं.

रविवारी सकाळी मुलगी सांगाड्यात बसली. पिशवी कमरेपाशी जराशी दुमडली असती तरी काम झालं असतं. तिथे चार बोटं पोकळी राहिली असती आणि मुद्दाम केलंय हे तिला कळलंही नसतं. मी दुमडलीसुद्धा. मग मला एक ड्रायव्हर आठवला, उसन्या सीटमध्ये बसलेला. त्याचीही कमरेत अशीच सैल होती. गाडी भिंतीवर आदळली आणि त्याचे दोन मणके गेले. गाडी मात्र आठवड्यात दुरुस्त झाली. मुलीला थांबवायचा माझ्या हातात एकच मार्ग होता, आणि त्यातच तिचा जीव जायची भीती होती.

दुमड सोडवली. फेस ओतला. तिचा डावा खांदा जन्मापासून किंचित उतरता आहे, तिथे हाताने दाबून दाबून भरलं.

"बाबा, फार गरम लागतंय."

"हलू नकोस!" मी इतक्या जोरात खेकसलो की ती खरंच दगडासारखी बसली. इतक्या रागात आणि इतकं मन लावून मी आजवर एकही सीट केली नव्हती.

फेस घट्ट झाल्यावर कडा कापल्या, घासल्या, पट्टे बसवले. ती पुन्हा आत बसली. पट्टे आवळून मी तिला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. तसूभरही सरकली नाही. तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"बाबा, खरं सांगू? रागावू नकोस. आठवडाभर जाम घाबरले होते. आज सकाळी येतानाही ठरवत होते, बाबाला सांगून टाकावं, नाही जमणार, फॉर्म मागे घेते." ती हसली. "आता अजिबात भीती नाही वाटत."

तेवढ्यात सीटचं शिवलेलं अस्तर घेऊन तिची आई दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं. "काय हो, कशी झाली?"

"छान झाली," मी म्हणालो.