पुडी सोडली तर

शिवणकारखान्याच्या मागच्या गल्लीत कामाच्या भोंग्याआधी रांग लागायची. रांगेत सगळ्या आमच्याच बाया. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा, कुणाची कंबर. खोलीच्या दारात पुडीबाबा औषधाच्या पुड्या घेऊन बसलेला. "यात अकरा मुळ्या आहेत," तो सांगायचा, "आणि बारावं माझं मौन." हे मौन तो अर्धा तास समजावत बसे.

मला हसू यायचं, पण ताईच्या बोटांपुढे माझं हसू चालेना. माझी ताई काजाच्या मशीनवर बसते. बोटांचे सांधे सुजून तिला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. मुकादम तिला काढायच्या बेतातच होता. पुडी सुरू झाली आणि आठवडाभरात तिने माझ्यासमोर सुईत दोरा ओवला.

महिने गेले. ताईचा चेहरा गोल गरगरीत झाला, गाल लालबुंद. "तेज चढलंय," बाबा म्हणाला आणि नव्या गिऱ्हाइकांपुढे तिला उभी करू लागला. तिचे कपडे मीच शिवते. कंबरेची शिवण उसवून वाढवावी लागली, बाह्या मात्र आत घ्याव्या लागल्या. मानेमागे मांस चढल्यामुळे गळा नीट बसेना. बाईने अंग धरलं तर दंड कसे वाळले, हे काही मला कळेना.

बाबाचा एक नियम सगळ्यांना पाठ होता. "शंका घेऊन पुडी सोडली, तर शरीर सूड घेतं." इस्त्रीवालीच्या जावेने सोडली आणि खरोखरच अंथरूण धरलं, पुन्हा घेतली आणि उठली. त्यामुळे भल्याभल्यांची तोंडं बंद झाली होती.

फक्त ताईच्या नवऱ्याचं, भाऊजींचं नाही. "एक नंबरचा भोंदू आहे," म्हणत त्यांनी पुड्यांचा डबा नळाखाली रिकामा केला. दोन-तीन दिवसांत ताईला उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की अंधारी येऊ लागली. आणि एका दुपारी ती मशीनवरच कोसळली.

"आम्ही सांगत नव्हतो का? बाबाकडे न्या आधी," सगळ्या म्हणू लागल्या. निरोप मिळून धावत आलेले भाऊजी पार खचले होते. "माझंच चुकलं. त्याचे पाय धरतो, पण हिला उठू दे."

"पाय नंतर धरा, भाऊजी. आधी दवाखाना," मी म्हटलं. बाबाचं दार चार पावलांवर होतं, दवाखाना लांब. मला तरी कुठे खात्री होती? रिक्षात ताईचं डोकं मांडीवर घेऊन मी रिक्षावाल्याला घाई करत होते.

डॉक्टरीणबाईंनी ताईचा चेहरा पाहिला, मानेमागे हात फिरवला, पोटावरचे जांभळे पट्टे पाहिले. "कसली पुडी घेत होत्या?" त्यांनी विचारलं. ताईच्या पिशवीत एक उरली होती, ती मी पुढे केली आणि बाबाचं तेज, सूड सगळं सांगितलं. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं, आणि संध्याकाळी ताई उशीला टेकून बसली.

"बाबाकडे नेलं असतं तर गेलीच असती ना?" भाऊजींनी विचारलं.

"पुडी पोटात टिकली असती तर कदाचित उठलीही असती," बाई म्हणाल्या. "त्याचा धंदा त्यावरच चालतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांचं हार्मोन रक्तदाब सांभाळतं, आजारपणात माणसाला उभं ठेवतं. ते किती बनवायचं, हा हुकूम मेंदूखालची ग्रंथी देते. या पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटलेल्या असणार, म्हणजे त्याच हार्मोनची नक्कल. त्याने सूज उतरते. पण तुमच्या कारखान्यात बाहेरून तयार माल ढिगाने येऊ लागला, तर मालक काय करेल?"

"मशीनी बंद करेल," मी म्हटलं.

"तेच झालं. वरून हुकूम थांबला, ग्रंथी सुकल्या. मग बाहेरचा मालही एकदम बंद झाला. सूड कुणी घेतला नाही. आणि ते तेज म्हणजे तोंडावर, पोटावर साठलेली चरबी. त्यात हातापायांचे स्नायू झिजतात." मला माझ्या आत घेतलेल्या बाह्या आठवल्या.

तपासणीत पुडीतून स्टेरॉइडच निघालं. ताईला आता तेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत, कित्येक महिने घ्यायचं आहे. सांध्यांवर वेगळा इलाज सुरू झालाय, पण बोटं पुन्हा सुजली आहेत. ती मशीनवर परत बसेल की नाही, हे बाईंनाही सांगता येत नाही.

बातमी फुटताच बाबा खोलीला कुलूप लावून पसार झाला. कारखान्यात सगळ्या चिडल्या. दम्यावाली पुड्या कचऱ्यात टाकायला निघाली, तसं मी तिचं मनगट धरलं.

"फेकू नकोस."

"आता तूही बाबाची झालीस काय?"

"बाबा खोटा, पण पुडीतलं औषध खरं आहे. एकदम सोडलंस तर तूही ताईसारखी पडशील, आणि लोक म्हणतील बाबा खरा होता. पुडी घेऊन माझ्याबरोबर चल. माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. डॉक्टरांना विचार, रक्त तपासून घे, ते सांगतील तशी सोड."

तुमच्याही गल्लीत असा कुणी बसत असेल, तर गुण आला म्हणून गप्प बसू नका. गुण कशाने आला, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी रांग दवाखान्यात लागली. पहिल्या बाकावर ताई होती, चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेली. येईल त्या बाईला ती कप खाली ठेवून आपली सुजलेली बोटं दाखवत होती: पुडीने सूज दबली होती, गेली नव्हती.