मार्कशीटवरचा तारा

माय, दूध उतू चाललं.

चेंबर नंबर दोन. अठरा डिग्री.

रेग्युलर की प्रायव्हेट?

राशनकार्डावर मेलेल्यांचीही नावं असतात.

एक छापील तारा.

कार्बाइडवर पिकलेलं केळं.

*

हिमानी केळ्यांच्या युनिटमध्ये ग्रेडिंग बघते. हिरव्या फण्या येतात, ती निवडते, पिकवायच्या चेंबरमध्ये लावून घेते, पिवळ्या झाल्या की बाहेर काढून घेते. आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीचं हे युनिट. मॅनेजरची खुर्ची रिकामी आहे. खुर्चीला पदवी लागते. हिमानीकडे बी.बी.ए. आहे, दिवसा ग्रेडिंग करून संध्याकाळी लॅपटॉपवर केलेली. आज संचालकांनी होकार दिला तर खुर्ची तिची. नाही दिला तर इंदूरहून कुणीतरी येईल, आणि चेंबरचं दार कसं उघडायचं ते त्याला हिमानीच शिकवील.

*

टेबलापलीकडे दोघं. काशिनाथकाका नेपानगरच्या पेपरमिलमधून रिटायर झालेले. कागद हातात आला की आधी बोटांनी चोळून बघतात, मग वाचतात. सरुबाई तापीकाठच्या, चार पिढ्या केळी. तिसरे संचालक शालिग्राम धूलकोटला लग्नाला गेलेत. जाताना म्हणाले, तुम्ही ठरवाल ते माझं.

काशिनाथकाकांनी डिग्री चोळली.

"कागद चांगला आहे."

"मागच्या मॅनेजरचाही चांगलाच होता," सरुबाई म्हणाल्या.

मागचा मॅनेजर. त्याची ऑनलाइन डिग्री पैसे भरल्यावर दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर आली होती. हे कळलं तोवर त्याने अख्खा चेंबर सडवला होता. त्याच्या नेमणुकीवर पहिली सही काशिनाथकाकांची होती. तेव्हापासून 'ऑनलाइन' म्हटलं की काकांची मान आपोआप आडवी हलते.

"रेग्युलर की प्रायव्हेट?" काकांनी विचारलं.

मध्य प्रदेशात हा प्रश्न जन्मतारखेसारखा विचारतात. कॉलेजात बसून केलं ते रेग्युलर. घरी वाचून नुसती परीक्षा दिली ते प्रायव्हेट.

"दोन्ही नाही काका. ऑनलाइन."

"म्हणजे प्रायव्हेटच."

"नाही ना. रोज लेक्चर, दर महिन्याला असाइनमेंट. परीक्षेला कॅमेरा चालू."

"घरी बसून ना? मग प्रायव्हेट."

"भाऊ," सरुबाई म्हणाल्या, "तुम्ही बी.ए. कोणत्या कॉलेजात बसून केलं, तेवढं सांगा पोरीला."

काकांनी चष्मा पुसला. "आमची मिलमध्ये शिफ्ट होती."

"हिची काय जत्रा होती?"

*

यादी.

हिमानीने फोनवर यूजीसीची, ऑनलाइन डिग्रीला परवानगी असलेल्या विद्यापीठांची यादी उघडली. विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव. "आणि हे वर्ष बघा काका. मी ॲडमिशन घेतलं त्या वर्षाची यादी आहे ही. आज यादीत असून चालत नाही, त्या वर्षी परवानगी होती का ते बघावं लागतं."

काकांनी स्वतःच्या फोनवर पुन्हा उघडून बघितलं. नाव होतं.

"यादीत काय," सरुबाई म्हणाल्या. "आमचे सासरे जाऊन किती वर्षं झाली, राशनकार्डावर अजून गहू खाऊन राहिले."

हिमानी हसली. "बरोबर आहे मावशी. यादीवरून विद्यापीठ खरं आहे एवढंच कळतं. मी खरी आहे हे कळत नाही."

*

मग काकांना तारा सापडला.

चौथं सेमिस्टर, कॉस्ट अकाउंटिंग, एकसष्ट. आकड्याला चिकटून छापलेला बारीक तारा. खाली बारीक अक्षरांत: पुन्हा दिलेला पेपर.

काकांनी मार्कशीट टेबलावर फिरवली आणि ताऱ्यावर बोट ठेवलं.

"फेल झाली होतीस?"

"नाही. पकडले गेले."

सरुबाईंचा चहाचा कप अर्ध्यात थांबला.

"काय करताना?"

"मराठी बोलताना."

*

झालं होतं असं. दोन तासांचा पेपर, कॅमेरा तोंडावर, माइक चालू, नजर इकडेतिकडे गेली तरी इशारा. स्वयंपाकघर हिमानीच्या पाठीमागे. माय छतावर कपडे वाळत घालायला गेलेली. नाकात वास आला, आणि परीक्षा, कॅमेरा, विद्यापीठ सगळं विसरून तोंडातून निघून गेलं: माय, दूध उतू चाललं.

स्क्रीन लाल झाली. पेपर बंद.

तिने अर्ज केला. उत्तर आलं, परीक्षेच्या वेळी दुसऱ्या व्यक्तीशी संभाषण. तिने वाक्याचा अर्थ लिहून पाठवला. उत्तर आलं, अर्थ कोणताही असो, नियम बोलण्याबद्दल आहे. पेपर रद्द, पुढच्या सत्रात पुन्हा.

"अरे पण," सरुबाई म्हणाल्या, "हिशोबाच्या पेपरात दुधाचं उत्तर असतं का?"

"मीही हेच लिहिलं होतं मावशी."

"मग?"

"मग पुढच्या वेळी मायला मामाकडे पाठवलं आणि गॅस बंद केला."

*

काशिनाथकाकांनी ताऱ्यावरचं बोट उचललं.

"आमच्या सेंटरवर," ते म्हणाले, "खिडकीतून गाइडची पानं यायची. सर बाहेर चहा प्यायचे. एकाने तर अख्खं पुस्तक मांडीवर घेतलं होतं. तो पुढे तहसीलमध्ये लागला."

"आणि तुम्ही भाऊ?"

"मी खिडकीपासून लांब होतो."

"नशीब म्हणायचं," सरुबाई म्हणाल्या. "की कमनशीब?"

काकांना हसू आलं, पण त्यांनी ते फार टिकू दिलं नाही. कपाटातून मागच्या मॅनेजरची फाइल काढली आणि त्याची मार्कशीट हिमानीच्या मार्कशीटशेजारी ठेवली. सगळे पेपर ऐंशीच्या वर. सगळे पहिल्या झटक्यात. तारा नाही, खाडाखोड नाही.

सरुबाई वाकल्या. वाचता थोडंच येतं, पण दोन्ही कागद त्यांनी घड बघावेत तसे बघितले.

"कार्बाइडचं केळं," त्या म्हणाल्या. "पिवळंजर्द, एक डाग नाही. सोललं की आत कच्चं. सरळ पिकलेल्याला ठिपका पडतोच भाऊ. आपण गिऱ्हाइकाला रोज हेच सांगून राहिलो, आणि तेव्हा डाग नाही म्हणून खूश झालो."

"तेव्हा तुम्हीही खूश होत्या."

"म्हणून तर 'आपण' म्हटलं."

काकांनी पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "मी विद्यापीठाला लिहून विचारणार. उत्तर आल्याशिवाय सही नाही."

"लिहाच," हिमानी म्हणाली. "पण पत्ता माझ्याकडून घेऊ नका. त्यांच्या साइटवरून घ्या. मागच्याच्या वेळीही तुम्ही लिहिलं होतं, पण पत्ता त्यानेच दिला होता, आणि उत्तरही बहुतेक त्यानेच दिलं होतं."

काकांनी फाइलवर लिहून ठेवलं: पत्ता साइटवरून. हे त्यांना तेव्हा सुचलं नव्हतं.

"आणि इंदूरहून कुणी आला, रेग्युलरवाला, तर त्याच्या कॉलेजलाही असंच लिहा काका. मग मी काही बोलणार नाही."

*

विद्यापीठाचं उत्तर आलं. नाव, नोंदणी क्रमांक, वर्ष, सगळं जुळलं. शेवटी एक ओळ जास्तीची होती: कॉस्ट अकाउंटिंग, दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण.

काशिनाथकाकांनी सही केली. कागद चोळला नाही.

इंदूरला कुणी फोन केला नाही. हिमानीने चेंबर नंबर दोनचं दार उघडलं, आकडा बघितला, अठरा. दार लावलं आणि मॅनेजरच्या खुर्चीत बसून तिने पहिलं काम केलं: ग्रेडिंगला नवीन माणूस हवा असल्याची जाहिरात लिहिली. शिक्षण या रकान्यात लिहिलं, कोणतंही, पण तपासून घेतलं जाईल.

*

परीक्षेच्या त्या दिवशी दूध उतू गेलंच होतं.