चार वांझ खजुरी

सनाबिसच्या ऑफिसात फारुख बसत होता, उठत होता, पाणी पिऊन येत होता आणि पुन्हा बसत होता. एकच फाइल त्याने तासाभरात चारदा उघडली नि चारदा मिटली. बरं, माणूस काही नवखा नाही. वीस वर्षं बहारीनमध्ये जमिनी मोजतोय, रत्नागिरीला स्वतःची माडांची बाग आहे, आणि झाडाच्याच बाबतीत असा तोंडावर आपटला. आता सांगणार तरी कोणाला?

झालं होतं ते असं. बुदैयाच्या बाजूला अबू जासिम नावाच्या म्हाताऱ्याची खजुरीची बाग आहे, चौसष्ट झाडांची. तिच्या कडेचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि झाडांच्या मोजणीचं काम फारुखच्या कंपनीकडे आलं. डिसेंबरात त्याने चार दिवस खपून एकेक झाड मोजलं. उंची, घेर, तब्येत, फळ देतं की नाही, सगळं. साठ झाडांवर गेल्या हंगामातल्या घडांचे छाटलेले दांडे दिसले, चारांवर काही नाही. आता कोकणातला माणूस अशा झाडाला काय म्हणेल? वांझ. माडात नर वेगळा नि मादी वेगळी अशी भानगडच नसते. लागला तर लागला, नाही तर घाला कुऱ्हाड. फारुखच्या बापाने असे कितीतरी माड पाडले होते. तेव्हा त्या चार झाडांपुढे फारुखने बिनधास्त 'निकामी, काढण्यास हरकत नाही' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

तो तक्ता नगरपालिकेच्या संवर्धन सल्लागार समितीपुढे गेला. ही सात जणांची समिती. जुनं घर, झरा, बाग, कशालाही धक्का लागायचा झाला की आधी हिचं मत घ्यायचं. हुकूम सोडायचा अधिकार हिला नाही, हिने नुसता सल्ला द्यायचा. फारुख हसायचाही, चहा-बिस्किटांची कमिटी म्हणून. पण जानेवारीत त्याच कमिटीने त्याच्या तक्त्यावर विसंबून सांगितलं, रस्ता पूर्वेकडून न्या, म्हणजे ती चार निकामी झाडं जातील आणि बाकीची साठ वाचतील. सगळे खूश. शेवटचं पत्र उद्या दहाच्या बैठकीत निघायचं होतं.

आणि आज सकाळी फारुख कुंपणाचं एक राहिलेलं माप घ्यायला बागेत गेला. अबू जासिम बाहेर गेला होता. त्याचा गडी उस्मान कमरेला दोर बांधून खजुरीवर चढला होता आणि हातातल्या पांढऱ्या फुलांच्या काड्या झाडाच्या फुलोऱ्यात खोचून बांधत होता.

"ये क्या कर रहे हो?" फारुखने विचारलं.

"नराचं फूल लावतोय," उस्मान हिंदीतच म्हणाला. "हे बांधलं नाही तर एक दाणा धरत नाही. ते चार नर बघा. सगळी बाग त्यांच्यावर चालते."

त्याने हनुवटीने दाखवली ती तीच चार झाडं होती. फेब्रुवारीचा गार वारा सुटला होता आणि फारुखला दरदरून घाम फुटला.

"बाजारात नाही मिळत हे फूल?"

"मिळतं की. शेजारच्याने दोन वर्षं तेच आणलं. निम्मी फळं गळाली."

दुपारी मनाचा हिय्या करून फारुख गुरुप्रसादच्या केबिनमध्ये शिरला. गुरुप्रसाद त्याचा साहेब. पुण्याचा, वयाने दहा वर्षांनी लहान, हुशार आणि डोक्याने थंड. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप मिटला.

"फारुखभाई, मला सांगितलंत ते बरं केलंत. आता इथेच विसरा. लाइन बदलली तर रस्ता पश्चिमेला जाणार, आणि तिकडे अकरा फळती झाडं आहेत. चारांसाठी अकरा घालवायची? शिवाय आपला सर्व्हे चुकला असं मिनिट्समध्ये आलं की पुढची कामं मफी, एकही मिळणार नाही. तुमचा व्हिसा मे महिन्यात रिन्यूला आहे ना?"

शेवटचा प्रश्न त्याने अगदी आपुलकीने विचारला, त्याचाच फारुखला जास्त राग आला. हिशोब चुकीचा नव्हता, हीच तर पंचाईत होती. बोललो तर नोकरी जाणार आणि वर म्हाताऱ्याची अकरा झाडंही जाणार. नाही बोललो तर साठ झाडं जागेवर उभी राहणार आणि हळूहळू फळायची थांबणार.

हमद टाउनच्या घरी संध्याकाळभर तो स्वयंपाकघर ते बाल्कनी येरझाऱ्या घालत राहिला. मुलगी जिकरा अभ्यासातून वैतागून म्हणाली, "अब्बा, प्लीज सिट डाउन." शेवटी बायकोने, अजराने, त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"अवो, पायाला चाकं लागलीत काय तुमच्या? काय ते सांगा एकदाचं."

त्याने सांगितलं.

"जिकराची बारावी व्हायची हाय अजून," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण मी तुम्हाला गप बसा म्हणायची नाय. गप बसून तुम्ही रात्रंदिवस असेच घरात फिरणार, ते मला बघवायचं नाय."

दुसऱ्या दिवशी बैठकीत फारुखचं काम एवढंच होतं की गुरुप्रसाद खूण करेल तेव्हा पडद्यावरचा नकाशा बदलायचा. समितीच्या अध्यक्ष मरियमबाई, निवृत्त आर्किटेक्ट, करड्या शिस्तीच्या. बागेचा मालक म्हणून अबू जासिमलाही बोलावलं होतं. तो मागच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता. मरियमबाईंनी पत्राचा मसुदा वाचला आणि सहीसाठी पेन उचललं.

फारुख उभा राहिला. आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत तो म्हणाला, "मॅडम, सही करू नका. ती चार झाडं निकामी नाहीत. नर आहेत. मी चुकीचं लिहिलं."

गुरुप्रसादने डोळे मिटून घेतले.

"निकामी वाचून आम्हाला वाटलं, झाडं म्हातारी झाली असतील," मरियमबाई सावकाश म्हणाल्या. "हे बघा, आमच्या हातात ना हुकूम आहे ना दंड. नऊ वर्षांत आम्ही एकही सल्ला मागे घेतलेला नाही, म्हणून नगरपालिका आमचं ऐकते. आणि जानेवारीत दिलेला सल्ला आज मागे घ्यायचा. तुमची खात्री आहे?"

"आहे. चूक माझी एकट्याची आहे. पत्रात माझं नाव लिहा."

बाईंनी मसुद्यावर काट मारली आणि मागे वळून विचारलं, "अबू जासिम, तुम्ही का नाही सांगितलंत?"

म्हातारा हळूच उठला. "मला चार झाडं जाणार एवढंच कळवलं होतं. कुठली ते नाही. वाटलं, मोजणाऱ्याने नर सोडूनच धरली असतील. एवढं तर आमच्याकडे पोरांनाही कळतं."

फारुखला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पण मग रस्ता पश्चिमेला सरकेल," मरियमबाई म्हणाल्या. "तुमची फळती अकरा जातील."

म्हातारा म्हणाला, "जाऊ देत अकरा. नर राहिले तर उरलेल्या झाडांना फळ धरेल."

आता गुरुप्रसादने घसा साफ केला. "मॅडम, झाल्या प्रकाराबद्दल कंपनी दिलगीर आहे. नव्या मोजणीला आम्ही दुसरा माणूस पाठवू."

"दुसरा नको," अबू जासिम म्हणाला. "दुसऱ्यालाही काही माहीत नसणार, आणि तो ते कबूल करणार नाही. यालाच पाठवा. हा आता मला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही."

मरियमबाईंनी गुरुप्रसादकडे बघितलं आणि तेही सल्ल्यात लिहून घेतलं. डिसेंबरात चार दिवस फारुख त्या माणसाच्या बागेत हिंडला होता, आणि त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.